जनुकांचा शेजार आणि गुणसूत्रांचा नकाशा

शिक्षक, पंचायत सदस्य आणि विस्तार अधिकारी यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग



जमिनीची मोजणी आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. मोजणीदार साखळी घेऊन शेतात उतरतो, दगडापासून दगडापर्यंतची अंतरे घेतो आणि त्या अंतरांवरून गावाचा नकाशा तयार होतो. आज ज्या नकाशाविषयी मला आपणांशी बोलावयाचे आहे, त्याची भूमी मात्र डोळ्यांना दिसणारी नाही. सजीवांच्या पेशींच्या केंद्रकात गुणसूत्रे नावाचे सूक्ष्म धागे असतात आणि त्या धाग्यांवर आनुवंशिक गुणांची वाहक अशी जनुके ओळीने वसलेली असतात. कोणते जनुक कोणाच्या शेजारी आहे आणि त्या दोहोंमध्ये अंतर किती आहे, हे शास्त्रज्ञांनी जनुक म्हणजे नेमका कोणता पदार्थ हे ठाऊक नसतानाच ठरविले. त्यांच्याजवळ साधन एकच होते : संततीची काटेकोर मोजदाद. ही मोजदाद कशी झाली आणि तिचा आपल्या भातशेतीशी व आपल्या पाड्यांवरील आरोग्याशी काय संबंध आहे, एवढाच आजच्या बोलण्याचा विषय आहे.

मेंडेलचा नियम आणि त्यातील अडचण

ग्रेगर मेंडेल यांनी वाटाण्यावरील आपले प्रयोग १८६५ साली ब्रनो येथे दोन व्याख्यानांतून मांडले आणि १८६६ साली ते छापून प्रसिद्ध झाले. पुढे चौतीस वर्षे त्यांच्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. १९०० साली त्यांचा पुन्हा शोध लागला. मेंडेल यांचा एक नियम असा की, दोन वेगवेगळे गुण पुढील पिढीत परस्परांपासून स्वतंत्रपणे वाटले जातात. दाण्याचा रंग आणि दाण्याचा आकार यांचा एकमेकांशी काही करार नसतो. म्हणूनच दुसऱ्या पिढीत चार प्रकारची झाडे ९ : ३ : ३ : १ या प्रमाणात मिळतात. हे प्रमाण आपल्या शाळांतून आजही शिकविले जाते.

परंतु १९०५ च्या सुमारास इंग्लंडमध्ये बेटसन, साँडर्स आणि पनेट यांना स्वीट पी या सुवासिक फुलांच्या वेलीत निराळाच अनुभव आला. जांभळे फूल व लांबट परागकण असलेल्या वेलीचा संकर त्यांनी तांबडे फूल व गोल परागकण असलेल्या वेलीशी केला. दुसऱ्या पिढीतील ३८१ वेलींपैकी २८४ जांभळ्या-लांबट आणि ५५ तांबड्या-गोल निघाल्या. उरलेल्या दोन मिश्र प्रकारांच्या वेली प्रत्येकी केवळ २१ होत्या. मेंडेल यांच्या नियमाप्रमाणे त्या प्रत्येकी सुमारे ७१ असावयास हव्या होत्या. आजोळचे गुण जणू एकमेकांचा हात सोडावयास तयार नव्हते. मात्र त्यांनी हात अगदीच सोडला नाही असेही नव्हते, कारण २१ आणि २१ अशा ४२ वेलींत तो सुटला होता. हा अर्धवट सोबतीचा प्रकार बेटसन व पनेट यांना समाधानकारकपणे उलगडता आला नाही.

कोड्याचा अर्धा भाग सोपा होता. सटन आणि बोव्हेरी यांनी १९०२-०३ च्या सुमारास असे प्रतिपादन केले होते की, मेंडेल यांचे आनुवंशिक घटक गुणसूत्रांवरच असले पाहिजेत. वाटाण्यात गुणसूत्रांच्या ७ जोड्या असतात, भातात १२, मनुष्यात २३. गुण मात्र हजारो. तेव्हा एकाच गुणसूत्रावर अनेक जनुकांनी नांदणे अपरिहार्य आहे. जी जनुके एका धाग्यावर आहेत ती एकत्र प्रवास करणार, हे ओघानेच आले. अशा जनुकांना सहलग्न जनुके म्हणतात. प्रश्न उरतो तो एवढाच की, एका धाग्यावरची जनुके कधी कधी वेगळी का होतात?

येथे शिक्षकांसाठी एक गोष्ट सांगून ठेवतो. मेंडेल यांनी निवडलेले सातही गुण योगायोगाने सात वेगवेगळ्या गुणसूत्रांवर होते, असे अनेकदा सांगितले जाते. ते बरोबर नाही. त्यांतील काही जनुके एकाच गुणसूत्रावर आहेत, परंतु बहुतेक परस्परांपासून इतकी दूर आहेत की ती स्वतंत्र असल्यासारखीच वागतात. असे का होते, ते थोड्याच वेळात स्पष्ट होईल.

धाग्यांची अदलाबदल

पिकलेल्या केळ्यांवर घोंघावणारी चिलटे आपण सर्वांनी पाहिली आहेत. त्यांतील ड्रोसोफिला नावाची बारीक माशी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात टॉमस हंट मॉर्गन यांनी आपल्या प्रयोगांसाठी निवडली. तिची पिढी दहाबारा दिवसांत तयार होते, दुधाच्या बाटलीत शेकडो माश्या वाढविता येतात आणि तिच्यात गुणसूत्रांच्या केवळ ४ जोड्या असतात. १९१० साली मॉर्गन यांना लाल डोळ्यांच्या माश्यांमध्ये पांढऱ्या डोळ्यांचा एक नर आढळला आणि तेथून या संशोधनाला वेग आला.

सहलग्नतेचा त्यांचा एक प्रयोग पाठ्यपुस्तकांतून मान्यता पावलेला आहे. एका बाजूला करड्या अंगाची व पूर्ण पंखांची माशी, दुसऱ्या बाजूला काळ्या अंगाची व खुरटलेल्या पंखांची माशी. या दोघांच्या संकरातून झालेल्या मादीचा संकर पुन्हा काळ्या व खुरट्या पंखांच्या नराशी केला. २,३०० माश्या मोजल्या. दोन्ही गुण स्वतंत्र असते, तर चारही प्रकार प्रत्येकी ५७५ निघाले असते. ते एकमेकांस कायमचे जखडलेले असते, तर मिश्र प्रकारांची एकही माशी निघाली नसती. प्रत्यक्षात ९६५ करड्या व पूर्ण पंखांच्या, ९४४ काळ्या व खुरट्या पंखांच्या, २०६ करड्या पण खुरट्या पंखांच्या आणि १८५ काळ्या पण पूर्ण पंखांच्या निघाल्या. म्हणजे ३९१ माश्यांमध्ये जुनी सोबत मोडली होती. हे प्रमाण शेकडा १७ भरते.

ही सोबत मोडते कशी? बीजपेशी तयार होत असताना आईकडून आलेले आणि बापाकडून आलेले गुणसूत्र परस्परांशेजारी अगदी लगटून उभे राहतात. बेल्जियमचे यान्सन्स यांनी १९०९ साली असे सुचविले होते की, या अवस्थेत दोन्ही धागे एकाच जागी तुटतात आणि फुलीच्या आकारात एकमेकांशी सांधले जातात. दोन रंगांच्या मण्यांच्या दोन माळा शेजारी ठेवाव्यात, दोन्ही एकाच ठिकाणी कापाव्यात आणि एकीचे वरचे टोक दुसरीच्या खालच्या टोकाशी गाठावे, तसा हा प्रकार आहे. शास्त्रज्ञ याला क्रॉसिंग ओव्हर म्हणतात. आपण त्याला धाग्यांची अदलाबदल म्हणू.

मॉर्गन यांनी १९११ साली या कल्पनेत एक साधी पण फार मोलाची भर घातली. माळ कोठे तुटेल हे नशिबावर असेल, तर शेजारशेजारच्या दोन मण्यांमध्ये ती तुटण्याचा संभव थोडा आणि दूरच्या दोन मण्यांच्या दरम्यान कोठेतरी तुटण्याचा संभव मोठा. म्हणजे सोबत किती वेळा मोडते, यावरून अंतराचा अंदाज बांधता आला पाहिजे.

एका रात्रीत झालेला नकाशा

मॉर्गन यांच्या प्रयोगशाळेत आल्फ्रेड स्टर्टेव्हंट नावाचा एक पदवीपूर्व वर्गातील विद्यार्थी काम करीत असे. १९११ च्या अखेरीस मॉर्गन यांच्याशी बोलताना त्याच्या मनात आले की, हे अंदाज एकत्र मांडले तर जनुकांचा क्रमही लागावा. प्रयोगशाळेतील नोंदी घेऊन तो घरी गेला आणि वर्गाचा अभ्यास बाजूला ठेवून रात्रीतून त्याने जगातील पहिला गुणसूत्र-नकाशा तयार केला. तो १९१३ साली प्रसिद्ध झाला.

त्याची पद्धत कोणाही मोजणीदारास तत्काळ पटण्यासारखी आहे. पिवळे अंग आणि पांढरा डोळा या दोन जनुकांची सोबत शेकडा १.० वेळा मोडत होती. पांढरा डोळा आणि शेंदरी डोळा यांची २९.७ वेळा. पिवळे अंग आणि शेंदरी डोळा यांची ३२.२ वेळा. शेंदरी डोळा आणि आखूड पंख यांची ३.० वेळा, तर पांढरा डोळा आणि आखूड पंख यांची ३३.७ वेळा. आता हे दगड एका रेषेवर मांडून पाहा. पिवळ्या अंगाशेजारी पांढरा डोळा, त्यानंतर बऱ्याच अंतरावर शेंदरी डोळा आणि त्याला लागून आखूड पंख, याखेरीज दुसरी कोणतीही मांडणी या आकड्यांशी जुळत नाही. २९.७ आणि ३.० यांची बेरीज ३२.७ होते आणि प्रत्यक्ष मोजणी ३३.७ आली होती. माश्यांच्या मोजणीत एवढा फरक क्षम्य मानला पाहिजे.

शंभर संततींत एकदा सोबत मोडणे, हे या नकाशाचे एकक ठरले. पुढे १९१९ साली जे. बी. एस. हाल्डेन यांनी मॉर्गन यांच्या नावावरून त्याला सेंटिमॉर्गन हे नाव सुचविले. हे हाल्डेन १९५७ साली भारतात आले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे त्यांचे निधन झाले, हे येथे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे.

या साखळीची एक मर्यादाही स्टर्टेव्हंट यांच्या ध्यानात आली होती. पिवळे अंग आणि त्या रेषेवरील सर्वांत दूरचे जनुक यांमधील टप्प्याटप्प्याने मोजलेले अंतर ५७.६ भरत होते. तीच दोन जनुके थेट ताडून पाहिली, तर सोबत केवळ ३७.६ वेळा मोडलेली दिसत होती. कारण असे की, दूरच्या दोन जनुकांमध्ये माळ कधी कधी दोन ठिकाणी तुटते. एकदा झालेली ताटातूट दुसऱ्या अदलाबदलीने भरून निघते आणि दोन्ही टोके पुन्हा एकत्र आल्यासारखी दिसतात. म्हणून लांबचे अंतर एका दमात मोजू नये, जवळजवळच्या टप्प्यांनी मोजावे, हा नियम झाला. दोन जनुके फार दूर असली, तर सोबत मोडण्याचे प्रमाण शेकडा ५० पर्यंत जाते, त्यापलीकडे जात नाही. शेकडा ५० म्हणजे स्वतंत्र वाटणीच होय. मेंडेल यांची एकाच गुणसूत्रावरील दूरची जनुके स्वतंत्र भासतात, ती याच कारणाने.

एवढे होऊनही, धाग्यांचे तुकडे खरोखरच बदलतात हे कोणी प्रत्यक्ष पाहिले नव्हते. ते काम १९३१ साली अमेरिकेत हॅरिएट क्रेटन आणि बार्बरा मॅक्लिंटॉक या दोघींनी मक्यावर केले. त्यांनी मक्याच्या नवव्या गुणसूत्राची अशी जोडी शोधली, की एका गुणसूत्राच्या एका टोकाला ठळक गाठ होती आणि दुसऱ्या टोकाला परक्या गुणसूत्राचा तुकडा चिकटलेला होता. ज्या दाण्यांत गुणांची अदलाबदल झाली, त्यांच्या रोपांत सूक्ष्मदर्शकाखाली गाठ आणि तुकडा यांचीही फारकत झालेली आढळली. त्याच वर्षी जर्मनीत कर्ट स्टर्न यांनी ड्रोसोफिलावर हीच गोष्ट सिद्ध केली. मॉर्गन यांना १९३३ साली आणि मॅक्लिंटॉक यांना १९८३ साली, तिच्या वेगळ्या संशोधनाबद्दल, नोबेल पारितोषिक मिळाले.

नकाशा शेतावर आला

हे सर्व माश्यांपुरते राहिले असते, तर आपला वेळ मी घेतला नसता. कोकणातील आणि पूर्व विदर्भातील भातउत्पादकांना पुराचे पाणी खाचरात तुंबले म्हणजे काय होते, ते सांगावयास नको. पाण्याखाली गेलेले रोप डोके वर काढण्यासाठी भराभर वाढते, जवळची सारी शिदोरी संपविते आणि पाणी ओसरल्यावर आडवे होते. ओडिशात एफआर १३ ए नावाचे जुने वाण होते, ते पाण्याखाली दोन आठवड्यांपर्यंत तग धरीत असे. परंतु त्याचे उत्पन्न कमी. उलट स्वर्णा हे वाण भरघोस पिकणारे, पण बुडीत न टिकणारे. दोहोंचा संकर करावा तर चांगल्या गुणाबरोबर जुन्या वाणाचे नको असलेले गुणही येणार, कारण ते त्याच धाग्यावर शेजारी बसलेले. सहलग्नतेची ही अडचण पीकसुधारकांना वर्षानुवर्षे भेडसावीत आली आहे.

नकाशाने येथे मार्ग दाखविला. बुडीत सहन करण्याच्या गुणाचे मुख्य स्थान भाताच्या नवव्या गुणसूत्रावर आहे, हे १९९६ साली निश्चित झाले. त्याला सब-१ असे नाव आहे. २००६ साली तेथील जनुकही ओळखले गेले. त्या जागेच्या दोन्ही बाजूंना असलेल्या डीएनएच्या खुणा माहीत झाल्यामुळे, रोप लहान असतानाच पानाच्या तुकड्यावरून निवड करता येऊ लागली. संकरित रोपांचा पुन्हा पुन्हा स्वर्णाशी संकर करावयाचा, आणि प्रत्येक पिढीतून अशी मोजकी रोपे निवडावयाची की ज्यांत सब-१ आहे, परंतु अदलाबदल नेमकी त्याच्या कुंपणालगत झालेली आहे. म्हणजे हवे असलेले जनुक आले आणि नको असलेले शेजारी मागे राहिले. अशा रीतीने तयार झालेले स्वर्णा-सब-१ हे वाण भारतात २००९ साली प्रसारित झाले. ते पाण्याखाली वाढ थांबवून शिदोरी राखून ठेवते आणि पाणी ओसरल्यावर पुन्हा फुटते. यात कोणतेही जनुक प्रयोगशाळेत तयार करून घातलेले नाही. शेतकरी ज्या संकराला शतकानुशतके ओळखतो तोच हा संकर. फक्त निवड आता नकाशा पाहून केलेली आहे.

बाजरीच्या बाबतीतही असेच घडले. हरियाणातील एचएचबी ६७ या संकरित वाणाची गोसावी रोगाला तोंड देणारी सुधारित आवृत्ती याच पद्धतीने तयार होऊन २००५ साली बाहेर पडली. अशा खुणांच्या साहाय्याने देशात तयार झालेल्या आरंभीच्या वाणांत तिची गणना होते.

खूण म्हणजे जनुक नव्हे

आता आपल्या अगदी जवळच्या विषयाकडे वळतो. नंदुरबार, गडचिरोली, नागपूर आणि इतर जिल्ह्यांत काम करणाऱ्या मंडळींना सिकलसेलचा आजार ठाऊक आहे. रक्तातील हिमोग्लोबिनच्या एका जनुकात बारीकसा बदल झाल्याने हा आजार उद्भवतो. ते जनुक अकराव्या गुणसूत्रावर आहे. ज्याच्याकडे या बदललेल्या जनुकाची एकच प्रत असते तो वाहक होय. वाहक हा सामान्यतः आजारी नसतो. परंतु आई व वडील दोघेही वाहक असले, तर प्रत्येक गर्भारपणात मूल आजारी निघण्याचा संभव चारांत एक असतो.

१९७८ साली अमेरिकेत कान आणि डोझी या संशोधकांनी सिकलसेल जनुकाच्या शेजारी डीएनएची एक खूण शोधली. आफ्रिकी वंशाच्या अमेरिकनांमध्ये ही खूण बहुधा आजाराच्या जनुकासोबत आढळत असे, आणि त्यावरून गर्भातील मुलाचे निदान काही कुटुंबांत शक्य झाले. मनुष्याच्या आनुवंशिक आजारांचा नकाशावरून माग काढण्याच्या पद्धतीला यामुळे मोठी चालना मिळाली.

परंतु येथेच सावध राहण्याची गरज आहे. भारतातील सिकलसेल जनुकाचा शेजार आफ्रिकेतील शेजारासारखा नाही. आपल्याकडे त्याच्या आजूबाजूच्या खुणांचा जो संच प्रामुख्याने आढळतो, त्याला अरब-भारतीय संच म्हणतात. या रुग्णांत गर्भकालीन हिमोग्लोबिनचे प्रमाणही तुलनेने अधिक आढळते. म्हणून एका समाजात खरी ठरलेली खूण दुसऱ्या समाजात तशीच लावली, तर निदान चुकेल. शेजाऱ्याचे घर पाहून माणसाची ओळख पटविण्यातला हा धोका आहे. शेजारी बदलतो, आणि अदलाबदलीमुळे कधीमधी एकाच कुटुंबातही बदलतो. एक सेंटिमॉर्गन अंतरावरची खूण सरासरीने शंभरांत एकदा फसविणारच. आज मूळ जनुकातील बदल थेट तपासता येतो, म्हणून सिकलसेलसाठी खुणेवर विसंबण्याचे कारण उरलेले नाही.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाला प्रारंभ झाला. १७ राज्यांतील ४० वर्षांपर्यंतच्या सुमारे ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत या आजाराचे निर्मूलन, असे त्याचे उद्दिष्ट ठरविण्यात आले. ते कागदावर राहणार की पाड्यापर्यंत पोहोचणार, हे बऱ्याच अंशी या सभागृहात बसलेल्या मंडळींवर अवलंबून आहे. वाहक मुलीस 'रोगी' म्हणून नाकारले जाते, तेव्हा चूक जनुकाची नसते. वाहक असणे आणि आजारी असणे यांतील भेद ग्रामसभेत समजावून सांगणे हे पंचायत सदस्याचे काम आहे. अमुक जमातीत हा आजार अधिक आढळतो, म्हणून त्या जमातीचा प्रत्येक माणूस वाहक, असे मानणे हीदेखील खूण आणि जनुक यांची गल्लतच होय. वाहक कोण हे रक्ताच्या तपासणीने ठरते. आडनावाने वा पाड्याने ठरत नाही.

वर्गात करावयाचा प्रयोग

शिक्षकांनी हा विषय फळ्यावरच ठेवू नये. दोन रंगांच्या प्रत्येकी २१ मण्यांच्या दोन माळा घ्याव्यात. मण्यांमधील २० जागांच्या २० चिठ्ठ्या कराव्यात. चिठ्ठी काढावी, त्या जागी माळा तुटून अदलाबदल झाली असे मानावे, नोंद करावी आणि चिठ्ठी परत टाकावी. शंभर वेळा असे केल्यावर, तिसऱ्या व पाचव्या मण्याची सोबत सुमारे १० वेळा आणि तिसऱ्या व तेराव्या मण्याची सुमारे ५० वेळा मोडलेली दिसेल. मग माळ झाकून ठेवावी आणि केवळ वहीतील नोंदींवरून मण्यांचा क्रम लावण्यास मुलांना सांगावे. स्टर्टेव्हंट यांनी त्या रात्री काय केले, हे मुलांना पुस्तकापेक्षा अधिक चांगले कळेल. खऱ्या गुणसूत्रांचा हिशेब याहून थोडा गुंतागुंतीचा असतो, एवढे सांगून ठेवले म्हणजे पुरे.

मित्रहो, या साऱ्या इतिहासात मला एक गोष्ट विशेष वाटते. २,३०० माश्यांपैकी १,९०९ माश्या नियमाप्रमाणे निघाल्या होत्या. उरलेल्या ३९१ अपवाद म्हणून कोणी सोडून दिल्या असत्या, किंवा तक्ता नीटनेटका दिसावा म्हणून त्यांचे आकडे इकडचे तिकडे केले असते, तर सहलग्नता कळली असती, पण नकाशा कधीच झाला नसता. कारण अंतर सांगितले ते त्या ३९१ माश्यांनीच. आपणांपैकी बहुतेकांच्या हाती कोणती ना कोणती नोंदवही आहे : पीकपाहणीची, पटाची, जन्ममृत्यूची, रक्ततपासणीची. तिच्यात न जुळणारा आकडा आला, तर तो दडपू नये, तपासून जसाच्या तसा लिहावा. पुढे कोणीतरी त्यावरून नकाशा काढणार असतो.